लोटीनं शिवलेला शर्ट

हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या पुतणीचा, डोलोरेसचाही बसला नाही, आणि तिच्या हातात तर कात्री होती.

आमच्या शिकारीच्या खोपटात एकच कायदा. हरणावर गोळी झाडली आणि हरीण पडलं नाही, की त्या गड्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, वर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचा. माझ्या आजोबांचा तिथं आहे, बापाचा आहे. मेव्हण्याचे, फ्लोरियनचे, तर इतके की त्या बाजूनं खोपटात वारा शिरत नाही. त्या दुपारी माझ्या बंदुकीचा बार सगळ्यांनी ऐकला, आणि मी हात हलवत परत आलो.

अंगात माझ्या बायकोनं, लोटीनं शिवलेला लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट. त्यानंतर तिनं सुईत दोरा ओवला नाही. वसंतात आम्ही तिला माती दिली.

"दुसरा घालून जायचा होतास," फ्लोरियन म्हणाला. चुलीवर त्याचा आंबट कोबी रटरटत होता. "माझ्या बहिणीच्या हातचं कापड आहे. भिंतीवर शोभेल."

"उंदीर खातील."

"तुला नाही खाल्लं इतकी वर्षं!"

"काका, पाठ करा," डोलोरेस म्हणाली.

"थांब. हरणावर झाडलीच नाही मी. कायदा काय म्हणतो? हरणावर!"

"मग कशावर झाडलीत?" ती स्टुलावर टेकली. ऐकणारा बसला की निम्मी लढाई मी जिंकलेली असते.

"आजोबांनी पाडलेल्या पाईनचं ते खोड आहे ना, ओढ्याकाठचं? पोलंडातून ते इथं आले तेव्हा पांढरे पाईन एवढे उंच होते की खार शेंड्याला जायची आणि खाली यायची तिची नातवंडं. आजोबांच्या टोळीनं सगळे आडवे केले. राहिलेल्या फांद्यांना आग लागली. मग नुसती वाळू. वाळूत बटाटे लावायला माणसं आली, दमली, गेली. कर कुणी भरेना, तेव्हा सरकारनं हे रान घेतलं आणि पश्चिमेकडून आगगाडीत घालून एल्क आणले. घोड्याएवढं हरीण आगगाडीनं आणावं लागलं, कारण इथलं आपल्याच लोकांनी संपवलं होतं."

कुणी हसलं नाही. एवढा भाग खरा आहे. त्याला कुणी कधीच हसत नाही.

"तर त्या खोडाआड चांगला शिंगाळ नर होता. नेम धरला, तोच मधे एल्क येऊन उभा! परवान्याशिवाय एल्क मारला तर बंदूकही जाते आणि मीही. नळी झटक्यात वर केली, अन् गोळी गेली जॅक पाईनच्या बोंडांत. ती राळेनं मिटलेली, आग लागल्याशिवाय उघडत नाहीत. गोळीच्या उबेनं तटातट उघडली! बी वाळूत पडलं आणि माझा पाईप विझेपर्यंत गुडघाभर रोपं उभी."

"गुडघाभरच?" फ्लोरियन.

"थंडी होती रे. आणि रोपांच्या बुडातून निघालं ते पिवळ्या पोटाचं पाखरू. लोटीचं. त्याला घरट्याला कोवळे जॅक पाईनच लागतात. दर जूनमध्ये लोटी मला गाडी थांबवायला लावायची, काच खाली करायची आणि ऐकत बसायची. मी आपला म्हणायचो, चल, उशीर होतोय. तर ते पाखरू येऊन माझ्या नळीवर बसलं. गायलं. यावेळी मी सगळं गाणं ऐकलं. तेवढ्यात नर निघून गेला, जाईना का."

फ्लोरियन कोबी ढवळायचा थांबला होता. डोलोरेसच्या मांडीवर कात्री मिटलेली. मी शर्ट विजारीत खोचायला लागलो.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "ते पाखरू सप्टेंबरातच दक्षिणेच्या बेटांवर जातं. आज नोव्हेंबर आहे. खोटं बोललात. करा पाठ."