दीड दिवसाचं काम

वायरमनच्या ताईने निवृत्त झाल्यावर शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली, तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. तिने कुणाचं ऐकलं नाही. सुताराकडून आत पलंग आणि छोटा ओटा करून घेतला, पडदे स्वतः शिवले. तिला आणि भावोजींना वर्षभर चाकांवरच्या घरात राहून फिरायचं होतं. भावोजींचा जन्म नकाशे काढायच्या कचेरीत गेला होता. समुद्रकाठच्या रेघा त्यांनी शेकड्याने ओढल्या होत्या. समुद्र मात्र एकदाच पाहिला होता, तोही धावत्या बसमधून.

अडचण एकच होती. भावोजींना मधुमेह होता. इन्शुलिनसाठी फ्रिज हवा आणि फ्रिजला वीज.

"तेवढं इन्व्हर्टरचं तू बघ," ताई म्हणाली.

"हे काय सांगायला हवं? दीड दिवसाचं काम. पुढच्या रविवारी येतो."

तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. आधी एका दवाखान्याचं काम निघालं, मग एका हॉटेलचं. गिऱ्हाईक तोंडावर ओरडतं, बहीण ओरडत नाही. इन्व्हर्टरचं खोकं त्याच्या दुकानात आलेलं होतं. दुपारी त्यावरच डबा ठेवून तो जेवायचा.

तिसऱ्या महिन्यात ताई चाचरत म्हणाली, "गॅरेजवाल्याच्या ओळखीचा एक जण आहे. त्याला सांगू का? तुलाही त्रास नको."

वायरमनचं डोकंच फिरलं. "सख्खा भाऊ असताना परक्याला हात लावू देणार? मग मला भाऊ म्हणू नकोस."

ताईने विषय सोडून दिला. वातावरण हलकं करायला भावोजी म्हणाले, "अगं, मेव्हणे म्हणजे सरकारी रस्ता. मंजूर कधीच झालाय, फक्त व्हायचा राहिलाय." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने वायरमनच हसला.

आठव्या महिन्यात एका दुपारी ताईचा फोन आला. सकाळी भावोजींच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायला लागले होते. जेवायला बसेपर्यंत लाल पडदाच उतरला. साखरेने डोळ्यांच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही डोळ्यांच्या. एक डोळा गेलाच. दुसऱ्याला फक्त उजेड आणि सावली कळायची.

भावोजी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन दुकान बंद ठेवून, खोकं आणि बॅटरी घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. ताई आत गेली. तिने व्हॅनची किल्ली आणून दिली.

तो पलंगाखाली शिरला. बॅटरी पट्ट्यांनी घट्ट बांधली. इन्व्हर्टर तिच्या जवळच, पण चहूबाजूंनी वारा लागेल असा बसवला. थोड्या वेळाने भावोजी भिंतीचा आधार घेत आले आणि व्हॅनच्या पायरीवर बसले.

"काय करताय ते सांगत जा, मेव्हणे. तेवढाच वेळ जाईल."

त्याने वायरचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "केवढी जाड!"

"बारीक घातली तर तापते. आणि हा फ्यूज. हा बॅटरीच्या अगदी जवळ लागतो. वायर कुठे घासली, शॉर्ट झाली, तर जागच्या जागी वीज तुटावी म्हणून."

"आणि बॅटरी संपली तर?"

"मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज जोडायची. हा इन्व्हर्टरच बॅटरी चार्ज करतो. प्लग काढला की फ्रिज आपोआप बॅटरीवर येतो. तुम्हाला काही करायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज घरघरला. दीड दिवस लागला होता, त्याने सांगितलं होतं तेवढाच.

"चालू झाला वाटतं," भावोजी म्हणाले.

वायरमन हातातला पाना पुसत राहिला. मग त्याच्याने राहवेना. "भावोजी, मी आधी यायला हवं होतं हो."

भावोजींनी फ्रिजच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं. त्यात तुमचा काही दोष नाही." मग थांबून म्हणाले, "पण ते आठ महिने मला दिसत होतं, मेव्हणे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन गावांमधलं अंतर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. रागावले असते तर वायरमनला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात दोघं निघाली. गाडी ताई चालवत होती. बाराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पोहोचलो रे समुद्रावर. फ्रिज झकास चाललाय, काही कुरकुर नाही."

"आणि भावोजी?"

"पाण्यात घोट्यापर्यंत उभे आहेत. हलायला तयार नाहीत." मग तिने आवाज खाली आणला. "मला काही नीट सांगता येत नाही रे. मी म्हणते निळं, तर ते विचारतात, कसलं निळं? आता काय सांगू?"

"मी येऊ का तिकडे?" वायरमनने विचारलं.

"तू येऊन काय करणार?" ताई म्हणाली. तिने ते मायेनेच म्हटलं. मागून भावोजींनी तिला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.