ब्रिडलिंग्टनच्या वाळूतला आडोसा

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे. लगेच नाकं दाबू नका, मी तसला आडोसा नाही. मी वाऱ्याचा आडोसा. इंग्लंडात समुद्रावर जायचं म्हणजे वाऱ्याशी भांडायला जायचं. तिकडचा वारा भर उन्हाळ्यात कानात शिरतो, चहात वाळू टाकतो, टोप्या पळवतो. म्हणून तिकडची माणसं काठ्यांना शिवलेलं जाड कापड घेऊन जातात, काठ्या वाळूत ठोकतात आणि त्याच्यामागे बसून आईस्क्रीम खातात. कुडकुडतात, पण खातात.

तर ते कापड म्हणजे मी. नारिंगी आणि हिरवे पट्टे. आता दोन्ही रंग सारखेच दिसतात, पण ते मला सांगायला येऊ नका.

मला लेस्टर गावात माझ्या मालकिणीच्या, म्हणजे मॅव्हिसच्या, आईनं पायाच्या मशीनवर शिवलं. आरामखुर्च्यांचं कापड उरलं होतं, त्याचं. काठ्या म्हणजे जुन्या झाडूंचे दांडे. मॅव्हिसच्या बाबांनी त्यांना चाकूनं टोकं काढली. लेस्टरला समुद्र नाही. वर्षातून एकदाच सगळे समुद्रावर जायचे, आणि एवढीशी मॅव्हिस लाल नाक घेऊन माझ्यामागे अंड्याचं सँडविच खात बसायची. शेजारच्या पोरांना सांगायची, "आमचा आडोसा सगळ्यात भारी!" खरंच होतं ते.

मोठी झाल्यावर तिनं रेजशी लग्न केलं. रेज बंदरावरच्या क्रेन उभ्या करणारा इंजिनियर. त्याला मस्कतला नोकरी लागली, तर तिनं कपड्यांच्या आधी मला ट्रंकेत भरलं. पण मस्कतमध्ये वाऱ्याला कोण भितं? तिथला दुश्मन ऊन. रेज मला नेहमी उन्हाच्या बाजूला ठोकायचा. मी वारा अडवायला जन्मलो आणि सावली धरायला लागलो. वर्षानुवर्षं! माझ्या सावलीत कंपनीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं बसायची, खजूर खायची, माझं कौतुक करायची. आणि मग कंपनीचं काम संपलं की सामान बांधून चालती व्हायची. दर खेपेला मॅव्हिस निरोपाचं जेवण करायची, हसून हात हलवायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. मी बघितलंय.

पुढे त्यांना व्हरांडा असलेलं घर मिळालं. झालं, माझं काम संपलं. मला कोठीत मोडक्या कूलरच्या मागे कोंबलं. एका पालीनं माझ्या घडीत अंडी घातली, तरी कुणी बघितलं नाही. राग यायचा हो, फार यायचा.

मग रेज रिटायर झाला. दोघं मला घेऊन इंग्लंडला परतली आणि राहायला समुद्रकाठचं गाव शोधायला लागली. म्हणजे शोधत होती मॅव्हिस. रेजच्या डोक्यात सायप्रस होतं.

"काय वाईट आहे सायप्रसला?" गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "ऊन आहे, पोहायचा तलाव आहे, आपल्यासारखी परदेशात राहिलेली माणसं आहेत."

"तेच तर. आपल्यासारखी. आज शेजारी, उद्या विमानात. आता निरोपाचं एकही जेवण मी करणार नाही, रेज. आणि तू माझ्याआधी गेलास तर तिथे मला कोण विचारणार?"

"मी कशाला जातोय?"

"बरं, मी गेले तर तुला कोण विचारणार? तुला तर अंडंही उकडता येत नाही."

शेवटी ठरलं असं, की या फेरीत मॅव्हिसला एखादं गाव आवडलं तर तिथे राहायचं. नाहीतर सोमवारी सायप्रसच्या फ्लॅटला होकार. मी मागे डिकीत पडून सगळं ऐकत होतो. सायप्रसला गेलो तर मी पुन्हा कोठीत, हे मला कळत होतं.

पहिलं गाव वर्दिंग. किनाऱ्यावर गोटेच गोटे! रेज हाणतोय, दांडा काही शिरत नाही. आजूबाजूच्या माणसांनी बघितलं, गोड हसली आणि पेपरात डोकं घातलं.

मग डेव्हनमधलं एक गाव. इथे वाळू मऊ होती. पण रेजनं सवयीनं मला उन्हाच्या बाजूला ठोकलं! वारा मागून आला, मला उपटलं आणि मी उडत जाऊन एका कुटुंबाच्या मासे-बटाट्यांवर पडलो. ती माणसं चटकन उठली, अंगावरचे बटाटे झटकले आणि म्हणाली, "माफ करा हं! माफ करा!"

गाडीत बसल्यावर मॅव्हिस म्हणाली, "ताटं आपण उलथवली आणि माफी त्यांनी मागितली."

"चांगली माणसं आहेत मग."

"फारच चांगली. पाहुण्यांशी असंच वागतात, रेज. आपल्याच देशात आपण पाहुणे झालोय."

उरलं एकच गाव, यॉर्कशरमधलं ब्रिडलिंग्टन. दुपारी लख्ख ऊन पडलं होतं, आणि समुद्रावरून असा वारा सुटला होता की कुत्र्यांचे कान उलटे होत होते. आणि रेज? पुन्हा उन्हाच्या बाजूला! अख्ख्या किनाऱ्यावर लोक ऊन खात होते, आणि ही दोघं कोट घालून माझ्या गार सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. मला तोंड असतं ना, तर मीच ओरडलो असतो.

पण माझ्याऐवजी दुसरंच कुणी ओरडलं.

"ए राजा! अरे ए! डोकं घरी ठेवून आलास काय?"

पोहायच्या कपड्यांवर लोकरीचा स्वेटर घातलेली एक जाडजूड बाई वाळू तुडवत आली. तिचं नाव बेरिल, हे नंतर कळलं.

"केव्हाची बघतेय मी. वर्षाचं एक ऊन पडतं इथं, ते अडवून बसलायस! आणि वारा पितोयस. बायकोचे ओठ बघ, निळे पडलेत."

रेज तांबडा लाल झाला. "बाई, मी बंदरात शंभर फुटी क्रेन उभ्या केल्यात."

"मग हे फडकं उभं करायला काय धाड भरली? ऊठ. हातोडा आण इकडे. धर ही काठी. तिरकी नको रे, सरळ धर!"

तिनं मला उपटलं, समुद्राच्या बाजूला नेलं आणि दणादण ठोकलं. वारा माझ्यावर आपटला. मी फुगलो, ताणलो, शिवणी करकरल्या, पण उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी मी माझं काम करत होतो, मित्रांनो! माझ्यामागे एकदम शांत झालं. मॅव्हिसच्या तोंडावर ऊन पडलं. आणि ती हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं.

"हिला काय झालं आता?" बेरिल म्हणाली.

"आम्हाला इतकी वर्षं कुणी रागावलंच नाही हो," मॅव्हिस डोळे पुसत म्हणाली. "सगळे मॅडम, मॅडम करायचे."

"मॅडम कसली? सरक तिकडे, मला बसू दे. सुट्टीला आलात का?"

रेजनं तोंड उघडलं, पण मॅव्हिस आधी बोलली. "नाही. राहायला."

रेजनं तिच्याकडे बघितलं. मग थर्मासमधला चहा ओतून पहिला कप बेरिलला दिला. "सोमवारी सायप्रसला नाही म्हणून कळवतो," तो पुटपुटला. "तिथे वाराच नाही म्हणे."

त्यांनी बेरिलच्याच गल्लीत घर घेतलं. पुढे एका हिवाळ्यात रेज गेला. मॅव्हिसनं पडदे ओढून घेतले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. मग एका सकाळी खिडकीवर धडाधड थापा पडल्या.

"मॅव्हिस! ऊन पडलंय. रडायचंय ना, मग किनाऱ्यावर येऊन रड. आडोसा घे. आणि मी तुझ्यासाठी चहाबिहा काही आणलेला नाही."

आणला होता. सँडविचही आणली होती. त्या दिवशी मला मॅव्हिसनं स्वतः ठोकलं. बेरिल शेजारी उभी राहून चुका काढत होती.

मित्रांनो, ओला असताना माझी घडी करू नका, बुरशी येते. माझ्यावर ओले टॉवेलही वाळत घालू नका, एवढं तरी ऐका. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. कुणी आडोसा भलत्याच बाजूला लावून कुडकुडत बसलेलं दिसलं, तर गोड हसून पेपरात डोकं घालू नका. जा, दोन शब्द रागावा. आणि मग दुसरी काठी धरा.