काविळीची परात

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, काविळीचं औषध देऊन माझ्या मालकांना, वामनरावांना, काय मिळायचं ते आधी सांगते. पैसा नाही, घेतला तर गुण जातो म्हणे. एक नारळ, आणि गावच्या प्रत्येक लग्नात पंगतीचा पहिला पाट. या पाटासाठी माणूस काय काय करतो, ते मी पाहिलं आहे.

भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून घडवलं. पांढरकवड्याजवळच्या या घरात वीस वर्षं माझ्यात कणीक मळली. मग वामनरावांनी मला अंगणात आणलं. दर रविवारी ते रोग्याच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळत आणि माझ्यातल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावत. पाणी पिवळंजर्द होई. लोक म्हणत, कावीळ उतरली. तीन रविवारांत बहुतेक बरेही होत. दूषित पाण्यातून येणारी ए प्रकारची कावीळ बहुधा आपोआपच ओसरते. काम शरीराचं, जयजयकार माझा. रक्तातून शिरणारे बी आणि सी हे प्रकार मात्र यकृतात वर्षानुवर्षं दबा धरून बसू शकतात. बीसाठी लस आहे, सीसाठी गोळ्या. माझ्याकडे नुसता चुना.

यंदा गावाच्या नळात नालीचं पाणी शिरलं. कांताबाई आपल्या सुनेला, ममताला, घेऊन आल्या. सातवा महिना, डोळे हळदीसारखे. मागोमाग गावची आशा कार्यकर्ती अर्पिता धापा टाकत आली.

"काकू, घाण पाण्यातूनच येणारी ई प्रकारची असन तं गरोदर बाईच्या जिवावर येते. आजच रक्त तपासू. गाडी बोलावली मी."

वामनरावांनी ममताचे हात धुऊन पिवळं झालेलं पाणी दाखवलं. "रक्त कायले? हे पाय पाणी, उतरून राह्यली कावीय!"

अर्पिताने आपले हात पुढे केले. "काका, माह्याबी हाताले लावा बरं थो रस."

तिने हात धुतले. निरोगी हातांनीही पाणी तसंच पिवळं झालं; रंग साल-चुन्याचाच. मला वाटलं, फुटलं बिंग! वामनराव हसले. "पोरी, तुलेबी हाये वाटते. तूबी ये पुढच्या रविवारी."

अंगण खदखदून हसलं. गाडी रिकामी गेली. ममता हळूच म्हणाली, "आई, मले लय गरगरते."

"होईन बरं. दोनच रविवार तं राह्यले."

दुसऱ्या रविवारी ममता बरळत होती. तेव्हा कुठे तिला यवतमाळला नेलं. काय झालं ते अर्पिताने इथेच, अंगणात उभं राहून सांगितलं. रक्तात ई निघाला. यकृत निकामी होऊन ममता गेली. आठवडाभर आधी आणली असती तर झुंजता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि मला परत कणकेला लावा. तेवढंच माझं काम.

वामनरावांचा एक रविवार बुडाला. पुढच्याला अंगण पुन्हा भरलं. कांताबाईंनी देवाला बोल लावला. बाकी सगळी किंमत ममताने मोजली, आणि जन्मायचं राहून गेलेल्या तिच्या लेकराने.