मिरचीच्या वाफ्यातली आवई

माझी नात उत्कर्षा बारामतीला शेतीच्या कॉलेजात शिकते. यंदा तिनं लासुर्ण्याच्या आमच्या वस्तीवर मिरचीच्या रोपांचा एक वाफा केला. तिच्या बापाची, रविराजची, अट सरळ होती. रोपं चांगली आली तर कॅनॉलकडेचा एकर तिच्या मिरचीला, नाहीतर नेहमीसारखा ऊस.

वाफ्यासाठी तिनं एक बाटली आणली. मी विचारलं, "कसलं औषध गं?"

"औषध न्हाय आजी, खोटी बातमी हाय. झाडाच्या अंगात बारीक बारीक खोल्या असत्यात. बुरशी आली की आधी त्यांच्या भिंती फोडती. भिंतीचा चुरा पडला की झाड वळखतं, घरात चोर शिरला. मग उरलेल्या भिंती जाड करतं. ह्या बाटलीत तसलाच चुरा हाय. चोर यायच्या आधीच झाड तयार!"

"लबाड हायस. बिचाऱ्या रोपांना फसवतीस."

एक फवारा तिनं स्वतः मारला. "आता मी येस्तवर फकस्त पाणी," असं बजावून ती परीक्षेला गेली. रविराज मागून म्हणाला, "झाडाला बातम्या सांगत्यात म्हणं!" आणि खो खो हसला.

ती परत आली तेव्हा रोपांवर एक डाग नव्हता. पानं चामड्यासारखी जाड, पण उंची बोटभर. शेजारच्या हिंदुरावांची रोपं वीतभर झाली होती. रविराजनं उसाचं बेणं बांधावर आणून टाकलं होतं. "नाद सोड पोरी," तो तिच्याकडं न बघताच म्हणाला.

उत्कर्षानं बाटली हलवून पाहिली. थेंब नव्हता. "आजी?"

मी पदर सावरला. "सकाळी एक बूच टाकत हुते, रोज. तुजा एकर जाऊ नये म्हणून."

"एका बुचानं एवढी मोठी बाटली संपत न्हाय."

आम्ही दोघींनी रविराजकडं पाहिलं. तो बेण्याच्या कांड्या नीट लावायला लागला.

"संध्याकाळी मी बी टाकत हुतो," तो पुटपुटला. "म्हटलं, आई इसरल."

मला एकदम माहेर आठवलं. मी लहान असताना मोरगावात दरोडेखोरांची आवई उठली होती. सगळं गाव राखणीला जागं. माझे अप्पा काठी घेऊन चावडीवर बसायचे आणि दिवसा बैलाच्या सावलीत झोपायचे. बाजरीत गवत गुडघाभर वाढलं. चोर काही आले नाहीत, पण त्या साली बाजरीही आली नाही. शेळ्या तेवढ्या गवत खाऊन फुगल्या.

मी हे सांगितल्यावर उत्कर्षा हसून वाफ्याशी बसली. "ही पण राखणीतच दमल्यात. वाढायला जोर कुठनं आणतील? आता यांना निवांत झोपू द्या."

"किती दिस लागतील?" रविराजनं विचारलं.

"पंधरा-वीस. पण खात्री न्हाय, पप्पा."

तो बेण्याकडं बघत राहिला. ते तेवढं थांबणार नव्हतं, उन्हात वाळून गेलं असतं. मग त्यानं फोन काढला. "हिंदुराव, बेणं पायजे हुतं न्हवं? घिऊन जावा. आमच्यात यंदा मिरची हाय."

रोपं उठली. थोडी उशिरा, पण उठली, आणि एकरात लागलीसुद्धा. नवी बाटली उत्कर्षाच्या पेटीत कुलपात आहे. संध्याकाळी मी सऱ्यांमधून फेरी मारते, हात पाठीमागं बांधून. पलीकडच्या सरीत रविराज असतो. त्याचेही हात मागंच.