मालकाचा मुतखडा

आमच्या तोबाती गावात कुणाच्या कमरेत कळ उठली की तो दवाखान्याच्या आधी माझ्याकडे येतो. सगळं गाव वीटभट्ट्यांवर. दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी प्यायला फुरसत नाही, मग खडे होणार नाहीत तर काय! माझ्यावर तिन्ही उपाय झालेत. बाहेरून धक्के देऊन खडा फोडणं झालं, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेसर मारणं झालं, आणि शेवटी पाठीला भोक पाडून काढणंही झालं. त्यामुळे क्रिस्पिनला विचारा, असं गावात ठरूनच गेलंय.

माझा धाकटा भाऊ लिब्रादो मात्र यातल्या एकाही उपायापर्यंत पोचला नाही. भट्टी पेटलेली असताना त्याला कळ आली, तापानं हुडहुडी भरली. आमचा मालक वेन्सेस्लाओ रोतेला त्याला म्हणाला, "पारा-पाराईचा पाला टाकून पाणी पी, खडा पडतो आपोआप. आधी भट्टी उतरू दे, मग जा कुठं मरायला जायचंय तिकडं." तो पाला आमच्याकडे सगळेच पितात. बारीक खडा असेल तर बरंही वाटतं. पण खडा अडकून आत पू झालेला, त्याला पाला काय करणार? भट्टी उतरली तेव्हा लिब्रादो मला ओळखतही नव्हता. मालकानं शवपेटी पाठवली, फुलं पाठवली, स्वतः दफनाला आला नाही.

मी नोकरी सोडली नाही. गेलो असतो तर तो हलकट डोळ्यांसमोर कसा राहिला असता?

आणि मग देवाला माझी दया आली. मालकालाच खडा झाला.

दुपारी आम्ही झाडाखाली तेरेरे पीत बसलो होतो. बर्फाचं पाणी, त्यात पाला, एकच शिंगाचा पेला सगळ्यांत फिरतो. मालक आमच्यात कधी बसत नसे. त्या दिवशी कमरेवर हात ठेवून वाकत वाकत आला आणि माझ्याशेजारी ओंडक्यावर बसला. म्हातारा सिरियाको पेला भरत होता, त्यानं त्यालाही एक दिला.

"क्रिस्पिन, तुझं सगळं करून झालंय," मालक म्हणाला. "डाव्या मूत्रपिंडात लिंबाएवढा खडा आहे माझ्या. डॉक्टर म्हणतो पाठीतून काढू. माझा मेहुणा म्हणतो, राजधानीत, असुन्सिओनला धक्के देतात, टाका नाही की रक्त नाही, संध्याकाळी घरी. तू काय म्हणतोस?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हणालो, "पाठीतून काढा, मालक. भूल देतात, दोन-चार दिवस दुखतं, पण एका फटक्यात मोकळे होता. एवढ्या मोठ्या खड्याला धक्के दिले तर त्याचा चुरा मूत्रनळीत येऊन अडकतो. धक्के लहान खड्याला."

शब्द न् शब्द खरा होता. मालक माझ्याकडे टक लावून बघत राहिला, मग खो खो हसला.

"माझ्या पाठीत सुरी घुसलेली बघायचीय होय रे तुला? भावाचं अजून विसरला नाहीस!" त्यानं पेला सिरियाकोच्या हातात दिला आणि उठून गेला.

सिरियाको म्हणाला, "तू भला माणूस आहेस बाबा. मी असतो तर खोटं सांगितलं असतं."

मी पेल्यासाठी हात पुढे केला. हसू येत होतं ते दाबत होतो. मी 'धक्के' म्हणालो असतो तर तो पाठीतून करून घेऊन ठणठणीत झाला असता. तो माझ्या शब्दाच्या उलट जाणार, हे मला तो ओंडक्यावर टेकला तेव्हाच कळलं होतं.

झालंही तसंच. धक्के दिले, पुन्हा दिले. चुरा नळीत ठासून बसला. मालकाचं गुरासारखं ओरडणं शेजारच्या भट्टीवर ऐकू जायचं. शेवटी कमरेला लघवीची पिशवी लटकवून त्याला महिनाभर ठेवलं आणि पाठीतूनच उरलेलं काढलं. मी त्या महिन्यात इतका छान झोपलो की बायको म्हणायची, तुम्हाला झालंय तरी काय?

मग परवा तो आला. अंगावरचे कपडे लोंबत होते. पुन्हा ओंडक्यावर बसला आणि सगळ्यांदेखत माझा हात धरला.

"क्रिस्पिन, तू खरं सांगितलं होतंस आणि मी तुझ्यावर संशय घेतला. मला माफ कर. लिब्रादोचं मनात न ठेवता तू माझं भलं चिंतलंस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझं डोकंच फिरलं. माफी मागतोय, तीही संशयाची! लिब्रादोची नाही! आणि वर मला संत करून ठेवतोय? त्यानं एवढं सगळं सोसलं ते कुणामुळे आणि कशासाठी, हे त्याला कळणारच नसेल तर माझा सूड काय चाटायचाय?

"मालक," मी हात सोडवून घेतला. "तुम्ही उलट कराल हे मला ठाऊक होतं. म्हणूनच खरं सांगितलं. लिब्रादोसाठी."

मालकाचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मला वाटलं आता मारणार, नाहीतर हाकलणार. हाकलू दे, म्हटलं. पण तो उठलाच नाही.

"उजव्या बाजूला आणखी एक निघालाय," तो पुटपुटला. "बारीक आहे, नळीच्या वरच्या टोकाला. एक डॉक्टर म्हणतो धक्के, दुसरा म्हणतो दुर्बीण. तेच विचारायला आलो होतो."

"धक्के घ्या," मी म्हणालो. "बारीक खड्याला धक्के चांगले."

"हे खरं सांगतोयस की..."

"मी तुम्हाला कधी खोटं सांगितलंय का, मालक?"

जेवणाची सुट्टी संपली, आम्ही विटा उचलायला गेलो. संध्याकाळी परत आलो तरी तो कमरेवर हात ठेवून तिथंच बसला होता. मला बघून त्यानं तोंड उघडलं, आणि काही न विचारताच मिटलं.