बागेतलं बोलणं

सम्यक तीन वर्षांचा होत आला तरी चार शब्दांपलीकडे जाईना, तेव्हा अंजलीने त्याला घेऊन बारामती गाठली. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी त्याच्यापुढे खेळणी मांडली. तो मुकाट खेळत राहिला.

"घरी कुणाशी बोलतो?"

"कुणाशीच नाही," अंजली म्हणाली.

"मग घरचं रेकॉर्डिंग करून आणा. सोमवारी ऐकू आणि पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे काय, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. परतताना इंदापूर येईपर्यंत एसटीत ती पोराच्या ओठांकडेच बघत होती.

तसं तिने काही कमी केलं नव्हतं. बीएस्सी झालेली, पोर पोटात असल्यापासून मिळेल ते वाचत आलेली. घरात हाय-न्हाय नको, कानावर एकच नीट भाषा पडू दे, नाहीतर पोर गोंधळेल, असा तिचा नियम होता. सासूला, म्हणजे ताईबाईंना, तिने तोंडावर सांगितलं होतं, "आत्या, त्याच्याशी शुद्ध बोला, नाहीतर बोलूच नका."

"मंग माझं तोंडच शिवून टाक," ताईबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून अंजलीदेखत त्या नातवाशी अवाक्षर काढत नसत. नवरा अनुप हसायचा. "आमच्या आईला गप केलंस, लई झालं," म्हणायचा आणि जीभ चावायचा.

रविवारी सकाळी अंजलीने फोन चालू करून खेळण्यातली गाडी पुढे केली.

"हे काय आहे?"

"दादी."

"दादी नाही, गाडी. नीट म्हण. गा-डी."

पोराने गाडी ढकलून दिली. रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर त्या एका 'दादी'शिवाय सगळा तिचाच आवाज. तेवढ्यात सम्यक निसटला आणि आजीमागे पेरूच्या बागेत पळाला. फळं लिंबाएवढी झाली होती. माशी लागू नये म्हणून एकेका फळाला फोमची टोपीसारखी जाळी आणि वरून पिशवी चढवायचं काम चाललं होतं. अंजली फोन घेऊन मागोमाग निघाली आणि ओळीच्या अलीकडेच थबकली.

"आज्जे, ह्याला तोपी न्हाय."

"न्हाय व्हय? मग घाल की."

"तू घाल. माजा हात पुलत न्हाय."

"वाढ मग लवकर. खातुयास तर बैलावानी."

"मी बैल न्हाय. तू बैल."

"आरं वा रं! आन् ही फांदी कुणी मोडली?"

"वाल्यानं करलं."

खापर वाऱ्यावर फोडलं होतं, पण 'करलं' असं घरात कुणीच म्हणत नव्हतं. बसला, धरला ऐकून त्याने ते स्वतःच जुळवलं होतं. अंजलीला हसू फुटलं. ती पुढे झाली, पाचोळा वाजला. सम्यकने वळून पाहिलं आणि तोंड मिटलं. घाबरला नव्हता. ती आता काय म्हणायला लावते, याची वाट बघत उभा होता.

"कधीपासून बोलतो असा?" तिने सासूला विचारलं.

"दिवाळीपास्नं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तूच म्हणलीस न्हवं, बोलू नका? सांगितलं असतं तर हितलंबी बंद केलं असतंस."

केलं असतं. अंजलीने हातातला फोन बाजूला ठेवला. बोलतो, हे कळून जीव भांड्यात पडायला हवा होता, पण सगळ्यांशी बोलेल आणि आपल्याशीच नाही, ही नवी धास्ती तिथे येऊन बसली. तिने टोपलीतल्या जाळ्या उचलल्या आणि शेजारच्या झाडाच्या फळांना चढवू लागली. सम्यक जवळच घुटमळत होता. पेरूकडे बोट करून हे काय, असं विचारायची तिला सारखी उबळ येत होती. तिने ती दाबली. सवय नसल्याने तिच्या हातून जाळ्या घसरत होत्या.

"आई, ते लाहिलं."

'राहिलं' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. तसंही पानांच्या दाटीत तिला खरंच काही दिसत नव्हतं.

"कुठं रे?"

"तितं. वल. न्हाय, तितं न्हाय! आज्जे, आईला दिसंना."

"दाव की मग तिला," ताईबाई हातातली पिशवी न सोडता म्हणाल्या.

त्याने अंजलीचं बोट धरलं आणि झाडाला वळसा घालून तिला ओढत नेलं. जाताना तो एकसारखा काहीतरी सांगत होता. त्यातलं निम्मंअधिक तिला समजलं नाही. ती नुसती "बरं, मग?" म्हणत राहिली.