ऑर्विन फेअरलोचा उजेड

आर्डिस टॉलेफसनने सुनेला शब्द दिला होता, की दुकानात तोंडातून ब्र काढणार नाही. तिच्यासारखीने असा शब्द देणं म्हणजे कोंबड्याने पहाटे गप्प बसायचं कबूल करणं. पण वेळच तशी होती. टर्की पक्ष्यांच्या मांसाचा कारखाना बंद पडल्यापासून जॅनेल घरी बसून होती आणि मॉलमधल्या या चित्रांच्या दुकानात आज तिचं काम बघणार होते. पसंत पडलं तर नोकरी. नाही तर मुलगा बायकोपोरांना घेऊन ॲरिझोनाला निघालेला, मेहुण्याच्या टायरच्या धंद्यात. मग मिनेसोटात उरणार आर्डिस आणि बर्फ.

जॅनेलची गाडी थंडीने सुरूच होईना, म्हणून सासूने तिला आपल्या पिकअपमधून आणलं होतं. आता ती विणकाम घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

दुकान ऑर्विन फेअरलोच्या चित्रांचं. तो स्वतः कुठे तरी कॅलिफोर्नियात. त्याची चित्रं मात्र कॅलेंडरांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे मान वळवाल तिथे. चित्र म्हणजे एकच: झाडीतलं दगडी घर, पुढे ओढा, ओढ्यावर पूल, आणि खिडक्याखिडक्यांतून वितळलेल्या लोण्यासारखा उजेड. सगळी छापलेली. पण गिऱ्हाईक आलं की दुकानातली बाई त्याच्यासमोर ब्रश घेऊन बसायची आणि खिडक्यांवर खऱ्या रंगाचे चार ठिपके द्यायची. याला म्हणायचं उजेड भरणं. ठिपके पडले की लोकांचे डोळे भरून येत. जॅनेलला करायचं होतं ते हेच.

आर्डिसने चष्म्यावरून भिंती न्याहाळल्या. अंगणात गुलाब फुललेत आणि धुराडं धुमसतंय. ऐन उन्हाळ्यात शेगडी पेटवणारी ही बया कोण? खोल्याखोल्यांत दिवे आणि घरात चिटपाखरू नाही. आर्डिसच्या घरात कुणी असे दिवे सोडून गेलं असतं, तर तिने त्याला आठवडाभर अंधारात जेवायला बसवलं असतं. दाराशी चिखलाचे बूट नाहीत, कुत्र्याने उकरलेला खड्डा नाही. ओढा तर असा उंबऱ्याला चिकटलेला, की बर्फ वितळला की तळघरात बटाटे पोहणार. हे सगळं तिने मुकाट्याने विणकामाला ऐकवलं.

दुपारी गॉर्डी आणि लव्हॉन एक्डाल हे नवराबायको आले. लव्हॉनने आल्या आल्या एक घर पसंत केलं. गॉर्डी खिशात हात घालून दाराकडे बघत उभा राहिला.

“स्वयंपाकघरात थोडा जास्त भरा हं,” लव्हॉन म्हणाली. “ऊब वाटली पाहिजे.”

मॅनेजर ब्रॅडली मखमली जाकीट घालून मागे उभा होता. जॅनेलने ठिपका दिला. “अजून एक देऊ?”

“तुम्हाला त्रास नसेल तर.”

“मला कसला त्रास? माडीवरही देऊ?”

“तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

लव्हॉनला मघाशीच पुरे झालं होतं, पण समोरचीचा उत्साह कसा मोडायचा? जॅनेलचा हात दुखत होता, पण गिऱ्हाईक नको म्हणत नाही तर थांबायचं कसं? दोघीही चांगल्या घरच्या. असं एकमेकींचं मन राखता राखता उजेड खिडकीबाहेर आला, भिंतीवर चढला आणि छपराला लागला.

“वेगळंच झालंय,” लव्हॉन शेवटी म्हणाली. मिनेसोटात यापेक्षा वाईट शिवी नाही.

“जॅनेल,” ब्रॅडली हळूच म्हणाला, “जरा आत येता का?”

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. आर्डिसने विणकाम मांडीवर टाकलं. शब्द गेला खड्ड्यात.

“घर पेटलंय, असं सरळ म्हणा की,” ती म्हणाली. “हिला थांबवेना, तिला पुरे म्हणवेना. दोघींनी मिळून आग्रहाने आग लावलीत.”

“मॅडम, फेअरलोंच्या घरांना आग लागत नसते,” ब्रॅडली म्हणाला.

“लागेल नाही तर काय? एवढे दिवे लावून माणसं गेली कुठे तडफडायला?”

गॉर्डी फिस्सकन हसला. खिशातून हात काढून तो चित्राजवळ आला. गावच्या आगीच्या बंबावर त्याने उमेदीची वर्षं काढली होती. गुडघ्याने दगा दिला म्हणून याच शरदात घरी बसला होता.

“धुराड्यातून सुरू झालीय,” तो म्हणाला. “काजळी काढली नसणार कुणी. पूल अरुंद आहे, बंब पलीकडे जायचा नाही.”

“मग जळू द्यायचं?” आर्डिसने विचारलं.

“जळू कसं द्यायचं? ओढ्यात पंप टाकायचा आणि त्या झाडांच्या बाजूने पाइप ओढायचा. वारा इकडून आहे, धूर बघा ना.”

लव्हॉन नवऱ्याकडे बघतच राहिली. शरदापासून तिच्याशी तो एका दमात इतकं बोलला नव्हता.

“गॉर्डी, तुला आवडलं हे?”

“बाकीच्या घरांत जाऊन आपण करायचं काय?” तो म्हणाला. “इथे निदान आपली गरज आहे.”

“आम्ही हेच नेतो,” लव्हॉन ब्रॅडलीला म्हणाली, आणि या वेळी तिने कुणाला त्रास होतोय का, ते विचारलं नाही.

चित्र कागदात गुंडाळून गेलं. ब्रॅडलीने जाकीट नीट केलं, घसा साफ केला. “सोमवारपासून या, जॅनेल. फक्त तुमच्या सासूबाई...”

“नाही आणणार,” जॅनेल म्हणाली.

“बोलावलंत तरी येणार नाही,” आर्डिस म्हणाली. “डोळे दिपतात इथे.”

पिकअपमध्ये जॅनेलला रडू फुटलं. आर्डिसने काच पुसायचं फडकं तिच्या मांडीवर फेकलं आणि किल्ली फिरवली.

“नाक पूस आणि ॲरिझोनाला फोन लाव,” ती म्हणाली. “म्हणावं, तुमचे टायर तुम्हीच बदला.”